मैफल का पडते?

(जांब समर्थ येथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय म्हणजे अवघड जागेचं दुखणं आहे. रंगलेल्या मैफलीबद्दल सगळेच बोलतात. पडलेल्या मैफलीबद्दल आपण घरी जाताना रस्त्यावर बोलतो, दुसऱ्या दिवशी पारावर बोलतो. पण आयोजक समोर आले की तेच आपण म्हणतो, "छान झाला हो कार्यक्रम." कलाकार भेटला तर नमस्कार करून फोटो काढतो. मग पुढच्या वर्षी तोच मांडव, तोच माइक, तोच उशीर. आणि आपण परत पारावर.

म्हणून आज उघड बोलू. लाइव्ह कार्यक्रम वाईट होतो म्हणजे नेमकं काय होतं? दोष कुणाचा असतो? आणि तो बोलून दाखवायचा अधिकार आपल्याला आहे का? शेवटचा प्रश्न गावात फार महत्त्वाचा. कारण शहरात तिकीट काढलेला माणूस "पैसे गेले" असं तरी म्हणू शकतो. देवाच्या उत्सवात कार्यक्रम फुकट असतो, आणि फुकटच्या गोष्टीला नाव कसं ठेवायचं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला जांबेइतकी योग्य जागा नाही. १६०८ साली रामनवमीला इथे नारायण सूर्याजी ठोसर जन्मले, ते पुढे समर्थ रामदास झाले. त्यांचा उल्लेख निघाला की लोक बलोपासना सांगतात, मनाचे श्लोक सांगतात. पण दासबोधात एक कडक समीक्षकही बसलेला आहे, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. चौदाव्या दशकात 'कीर्तन लक्षण' आणि 'हरिकथा लक्षण' असे लागोपाठ दोन समास आहेत. कथा कशी करावी आणि ती कशाने बिघडते, याचा तिथे विचार आहे. अठरावा दशक तर संपतोच मुळी 'श्रोता अवलक्षण' या समासावर. म्हणजे गाणाराही तपासायचा आणि ऐकणाराही. कीर्तनाला तेव्हाही तिकीट नव्हतं. तरीही समर्थांनी त्याला कसोटी लावली. मग आपण का लाजायचं?

आता आधी एक फरक करून घेऊ. गायकाचा दिवस वाईट असणं आणि मैफल वाईट असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गळा बसतो, प्रवासाने शीण येतो, सूर लागत नाही. मोठ्यातल्या मोठ्या गवयालाही हे चुकलेलं नाही. तरी तो झगडताना दिसला, तर श्रोता रागावत नाही. उलट त्याच्यासाठी जीव टांगतो. राग कशाचा येतो? आपण आलो, बसलो, आणि समोर कुणी आलंच नाही, याचा येतो.

आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे: हजेरी. गवई, शाहीर, कीर्तनकार उत्सवात 'हजेरी लावतो' असं आपण म्हणतो. शाळेतल्या हजेरीपटावरची ही हजेरी नाही. देवापुढे आणि माणसांपुढे आपण आहोत, पूर्ण आहोत, असं सांगणं आहे. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे की मैफल पडते ती गैरहजेरीमुळे. कधी कलाकार गैरहजर असतो, कधी आवाज, कधी वेळ, कधी आयोजक, आणि कधी आपण स्वतः. एकेक बघू.

पहिला, कलाकार. १० मे २०१७ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर जस्टिन बीबर आला होता. हजारो रुपयांची तिकिटं काढून, मे महिन्याच्या उकाड्यात पोरं दुपारपासून जाऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आणि फोनवरच्या व्हिडिओंखाली सगळ्यात मोठी तक्रार एकच: ओठ हलत होते, पण आवाज बराचसा ध्वनिमुद्रित होता. याला लिप-सिंक म्हणतात. त्याच दौऱ्याचे उरलेले कार्यक्रम त्याने जुलैमध्ये रद्द केले.

आता कुणी म्हणेल, मोठ्या शोमध्ये हे चालतंच. बरोबर आहे. म्हणून त्याच्या शेजारी दुसरी रात्र ठेवून बघा. १ नोव्हेंबर १९९६, अंधेरीचं क्रीडासंकुल, मायकल जॅक्सन. त्याच्या त्या 'हिस्टरी' दौऱ्यातही बरीच गाणी ध्वनिमुद्रित आवाजावर होती, हे जगजाहीर आहे. तरी मुंबईकर आजही त्या रात्रीची आठवण कौतुकाने सांगतात. का? कारण लोक त्याला नाचताना बघायला गेले होते, आणि त्या नाचात तो अंगभर हजर होता. म्हणजे कसोटी 'आवाज लाइव्ह होता का' एवढी सरळ नाही. कशाचं वचन दिलं होतं, आणि त्या वचनाच्या जागी माणूस उभा होता का, ही कसोटी आहे.

वचनच खोटं असलं की काय होतं, त्याचा अमेरिकेतला नमुना म्हणजे 'मिली व्हॅनिली' नावाची जोडी. १९८९ साली कनेटिकट राज्यात एका कार्यक्रमात त्यांचा ट्रॅक अडकला आणि गाण्याचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजायला लागला. पुढे उघड झालं की त्यांच्या गाजलेल्या अल्बमवरचा आवाजही त्यांचा नव्हता. १९९० मध्ये त्यांचा ग्रॅमी पुरस्कार परत घेतला गेला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि अल्बम विकत घेतलेल्यांना काही पैसे परत मागता येतील असा समझोता झाला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं दूरचं आहे. मग जवळचं घ्या. आपल्या मराठवाड्यात आता कितीतरी ऑर्केस्ट्रे ट्रॅकवर चालतात. एक लॅपटॉप, दोन गायक, चार दिवे. मागे कीबोर्डवर एक जण बोटं फिरवत असतो, पण वायर कुठे जोडलीय ते बघू नका. आम्ही एका तालुक्याच्या गावी असा कार्यक्रम ऐकला. गायिकेचा गळा सर्दीने बसलेला. ट्रॅक मूळ गाण्याच्या वरच्या पट्टीतला. दुसऱ्या ओळीला तिला कळलं की हे जमणार नाही. तिने वळून खुणेने सांगितलं, पट्टी उतरव. लॅपटॉपवाल्या पोराला ते कसं करायचं माहीत नव्हतं. ट्रॅक आपला पुढे चालला, बाई चिरक्या आवाजात त्याच्या मागे धावल्या, पुढच्या रांगेतली पोरं हसली. मंडळी, तिथे एक पेटीवाला बसलेला असता तर? त्याने कडवं संपायच्या आत पट्टी उतरवली असती आणि लोकांना कळलंही नसतं. साथ म्हणजे हेच. साथीदार गायकाचा श्वास ऐकत असतो. ट्रॅक कुणाचंच ऐकत नाही.

आणि हा प्रश्न फक्त रसिकतेचा नाही. ट्रॅक आला तेव्हा ढोलकीवाला गेला, क्लॅरिनेटवाला गेला, पेटीवाल्याने पेटी माळ्यावर टाकली. ते वाजवणारे हात आपल्याच गावातले होते. स्वस्त पडतं म्हणून आपण ट्रॅक घेतो, आणि दहा वर्षांनी म्हणतो, आता पहिल्यासारखे वादक राहिले नाहीत.

दुसरी गैरहजेरी आवाजाची. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स गायले. पंचावन्न हजारांवर लोक. ते तर खरोखर गात होते, हजर होते. पण किंकाळ्या एवढ्या, आणि त्या काळची ध्वनियंत्रणा एवढी तोकडी, की लोकांना गाणं नीट ऐकू येईना आणि बीटल्सना स्वतःचा आवाज. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ ला, सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम केला आणि दौरे कायमचे बंद केले. दौरे थांबायची कारणं अनेक होती, पण आपलं आपल्यालाच ऐकू न येणं हे त्यांतलं एक मोठं कारण.

आता आपल्याकडे उलटा रोग आहे. यंत्रणा तोकडी नाही, राक्षसी आहे. स्पीकरची भिंत मंचापाशी उभी करायची आणि आवाज वाढवत न्यायचा. थोडा हिशेब करू. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून ५ मीटरवर बसलेल्या म्हाताऱ्याला ११० डेसिबल मिळत असेल, तर ८० मीटरवरच्या माणसाला साधारण ८६ मिळतो. मागच्याला नीट ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की पुढच्याचे कान जातात. ११० डेसिबलला काही मिनिटांतच कानाला इजा होऊ शकते.

मग कुणीतरी शहाणा मागे आणखी दोन स्पीकर लावतो. तिथे वेगळीच गंमत. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, वायरमधून क्षणात. शंभर मीटर मागे बसलेल्याला जवळच्या स्पीकरचा शब्द आधी ऐकू येतो, आणि मंचावरचा तोच शब्द जवळजवळ पाव-तृतीयांश सेकंदाने नंतर. सगळं दुहेरी. कीर्तनकार 'राम' म्हणतो, मागे 'राम-राम' ऐकू येतं. पुण्य दुप्पट, अर्थ शून्य! याचा उपाय अगदी साधा आहे. मागच्या स्पीकरला तेवढाच उशीर लावून द्यायचा. यंत्रात ती सोय असते. पण त्यासाठी साउंडवाल्याने एकदा मैदानाच्या शेवटी जाऊन ऐकलं पाहिजे. तो जात नाही. तो आपल्या टेबलापाशी गैरहजर असतो.

तिसरी गैरहजेरी वेळेची, आणि ही खास आपली. पत्रिकेवर लिहायचं सायंकाळी सात. पाहुणे येतात आठला. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल-श्रीफळ, एकाचा सत्कार, मग सत्कारमूर्तींचं मनोगत, मग राहिलेल्यांचा सत्कार. गवई नऊ वाजता मंचावर बसतो. आणि दहाला?

दहाला माइक बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही शिस्त पक्की केली. सणासमारंभांसाठी रात्री बारापर्यंतची सवलत राज्य सरकारला देता येते, पण वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस. नियम योग्यच आहे. आजारी माणसाला, अभ्यास करणाऱ्या लेकराला झोप हवी. पण त्याचा गाण्यावर काय परिणाम झाला ते बघा. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केला, आणि एके काळी तो रात्र-रात्र चाले. मालकंस, दरबारी हे रात्रीचे राग. उत्तररात्रीचा सोहनी, पहाटेचा ललत. त्यांची घटकाच आता मांडवातून हद्दपार झाली. ते नुकसान काही प्रमाणात अटळ म्हणू. पण सात ते नऊ हे दोन तास कुणी खाल्ले? कायद्याने नाही, शालींनी खाल्ले. त्या एका तासात गवई काय करणार? विलंबित ख्यालाला सवडच नाही. मग तो चट्कन एक द्रुत, एक अभंग, एक भैरवी उरकतो, आणि आपण म्हणतो, "आज काही रंगलं नाही." रंगायला वेळ लागतो मंडळी. तोच आपण त्याला दिला नव्हता.

चौथी, आयोजकाची. आयोजक कसा असावा? जर्मनीत कोलोन शहरात २४ जानेवारी १९७५ ला कीथ जॅरेट या पियानोवादकाचा एकट्याचा कार्यक्रम होता. मंचावर भलताच पियानो आला. लहान, बेसूर, वरच्या पट्ट्या पत्र्यासारख्या, पायातले पेडल धड नाहीत. जॅरेट म्हणाला, मी वाजवत नाही. आयोजक होती अवघ्या अठरा वर्षांची व्हेरा ब्रांडेस. तिने त्याची मनधरणी केली, पियानो जमेल तेवढा दुरुस्त करून घेतला. जॅरेट बसला, आणि त्या पियानोचे जे सूर बरे होते त्यांच्या आधाराने त्याने उत्स्फूर्त वाजवलं. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण एकल पियानोवादनाच्या सर्वांत जास्त खपलेल्या अल्बमांमध्ये गणलं जातं. वाद्य वाईट होतं, पण धावपळ करणारी माणसं हजर होती. म्हणून आम्ही म्हणतो, सामान कमी असल्याने मैफल पडत नाही.

आणि आयोजक गैरहजर असला की फक्त मैफल पडत नाही, माणसं पडतात. २५ नोव्हेंबर २०२३ ला केरळात कोचीच्या विद्यापीठात गाण्याचा कार्यक्रम सुरू होण्याआधीच दारावर चेंगराचेंगरी झाली, चौघांचा जीव गेला. आणि १६ एप्रिल २०२३ चं खारघर आठवा. तो गाण्याचा कार्यक्रम नव्हता, पुरस्काराचा होता. पण भर उन्हात उघड्या मैदानावर बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जण दगावले. आपला रामनवमीचा उत्सव चैत्रातला, जालन्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. म्हणून पाण्याचा टँकर, मांडवाची सावली आणि बाहेर पडायच्या दोन वाटा हे गायकाच्या मानधनाइतकेच कार्यक्रमाचे भाग आहेत. किंबहुना आधीचे.

आता पाचवी गैरहजेरी. इथे आपण सगळे जरा सावरून बसू या, कारण पाळी आपली आहे. 'श्रोता अवलक्षण' समासात समर्थांनी श्रोत्याची जी त्रेधा दाखवली आहे ती आजही हसवते. माणूस मोठ्या तयारीने ऐकायला बसतो, आणि मग शरीर कुरकुरायला लागतं, झोप येते, मन भलतीकडेच फिरून येतं. त्यात आपण आता फोनची भर घातली. गाणं चालू असताना हात वर, पडदा उजळलेला, मागच्याला गवयाऐवजी पन्नास छोटे गवई दिसतात. आपण म्हणतो, आठवण म्हणून घेतोय. जे ऐकलंच नाही त्याची आठवण कसली?

आणि दाद देणारा श्रोताही मैफल पाडू शकतो. संगीत नाटकांच्या बहराच्या काळात बालगंधर्वांच्या पदांना वन्समोअरवर वन्समोअर पडत. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत जाई. त्या गळ्याची मोहिनी आम्हाला मान्यच आहे. पण नाटक मध्येच ताटकळत उभं राहायचं, हेही खरं. नटाला आपण गवई केलं आणि गोष्ट विंगेत पाठवली. किशोरी आमोणकर श्रोत्यांची कुजबुज खपवून घेत नसत, मंचावरून स्पष्ट सुनावत. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणाले. आम्हाला वाटतं, त्या श्रोत्याची हजेरी घेत होत्या. तानपुरा जुळवायला वेळ घेणारी बाई समोरच्यालाही तेवढाच वेळ मागत होती.

या सगळ्या गैरहजेऱ्यांच्या मुळाशी काय आहे? 'हरिकथा लक्षणा'त समर्थांनी एक शब्द वापरलाय: अवकळा. गाणाऱ्याचं मन स्वर-ताल-तानांच्या करामतीतच अडकलं आणि ज्याच्यासाठी गायचं तो हरी बाजूला पडला, की कळेची अवकळा होते, असा त्यांचा रोख आहे. कुणी देव मानो न मानो, बोट अचूक जागी ठेवलंय. दिवे, धूर, स्पीकरच्या भिंती, सत्काराच्या शाली, गवयाची पल्लेदार तान, आपला फोन — यांतली एकही गोष्ट मुळात वाईट नाही. ज्यासाठी जमलो ते विसरून तीच मुख्य झाली की अवकळा.

आता सुरुवातीचा प्रश्न. फुकटच्या कार्यक्रमाबद्दल बोलावं का? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. तिकीट काढलं असेल तर तो तुमच्या पाठीशी आहे. मोफत सेवा मात्र त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे उत्सवातला श्रोता कायद्याने ग्राहक नाही. पण उत्सव खरंच फुकट असतो का? वर्गणी तुमची. दुसऱ्या दिवशी पहाटे कापसाच्या, सोयाबीनच्या रानात जायचं असून जागवलेली रात्र तुमची. आणि मांडीवर घेऊन बसलेलं लेकरू तुमचं. त्या लेकराने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं गाणं जर फाटका आवाज आणि वाट पाहणं एवढंच असेल, तर ते पुन्हा मांडवाकडे फिरकणार नाही. आपल्या भागातल्या गाण्याचा सगळ्यात मोठा तोटा हाच आहे, आणि तो कुणाच्या हिशेबवहीत येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी वर्गणी मागायला मंडळी दारात आली की पैसे जरूर द्या, आणि तीन गोष्टी विचारा. साथीला माणसं आहेत की ट्रॅक? सत्कार कार्यक्रमानंतर ठेवता येतील का? आणि साउंडवाला दुपारी येऊन मैदानाच्या शेवटच्या टोकाला उभा राहून ऐकणार आहे का? भांडू नका. चहा पाजा आणि विचारा. पाच-दहा घरांतून हेच प्रश्न आले तर समिती विचार करते, हा आमचा अनुभव आहे.

आणि कार्यक्रम पडलाच, तर पारावर न बोलता कलाकाराला भेटून सांगा, आदराने, नाव घेऊन. "ताई, आज ट्रॅकमुळे तुमचा गळा ऐकता आला नाही, पुढच्या वेळी पेटी घेऊन या," एवढं वाक्य पुरतं. त्यात तक्रार आहे, आणि पुन्हा येण्याचं आमंत्रणही आहे.

आम्हीही आत्ता तुमचा पाऊण तास घेतलाय, तेव्हा याच कसोटीवर आम्हालाही तपासा. मागे बसलेल्या मंडळींना शब्द दुहेरी ऐकू येत होते का, ते आधी सांगा. मग प्रश्न घेऊ.